शून्यही लिहायला हवं

पावसाळ्यात आमच्या साताऱ्यात सकाळी टपरीवर पहिला विषय आकड्यांचा असतो. नवजाला किती झाला, कोयनानगरला किती, महाबळेश्वरला किती, धरणात आवक किती, साठा किती टीएमसीवर गेला. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे हे इथला किराणा दुकानदारही न अडखळता सांगतो. हे आकडे आपल्याला मिळतात, कारण कुणीतरी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाजवळ जातं, पाणी मोजतं आणि वहीत लिहितं. पाऊस पडला नाही त्या दिवशीही ते जातं आणि शून्य लिहितं. शून्याची किंमत काय असते हे माण-खटावच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. सलग किती दिवस शून्य होतं यावरच तर तिथं दुष्काळाची चर्चा सुरू होते.

दसरा उलटला की पाऊस मागे सरतो, आभाळ धुऊन निघतं, आणि त्याच डोंगरांवरून उत्तरेकडचे शिकारी पक्षी दक्षिणेला येऊ लागतात. कझाकस्तानच्या गवताळ मुलखातले हॅरियर (जुन्या मराठी याद्यांत यांना भोवत्या म्हटलंय), केस्ट्रेल म्हणजे आपल्याकडची खरूची, हिमालयापलीकडून येणाऱ्या मोठ्या घारी, तऱ्हेतऱ्हेचे गरुड, ससाणे. यंदा किती आले? गेल्या वर्षी किती होते? वीस वर्षांपूर्वी किती? मी हे प्रश्न घेऊन साताऱ्यात आणि सांगलीत बऱ्याच जणांकडे गेलो. मला याद्या मिळाल्या, सुंदर फोटो मिळाले, आठवणी तर भरपूर मिळाल्या. रोज मोजून लिहिलेला सलग आकडा मिळाला नाही.

माझी मागणी साधी आहे. सातारा जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर एक जागा कायमची ठरवावी. तिथं १ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर असे ७६ दिवस, रोज, ठरलेल्या तासांत, ठरलेल्या पद्धतीनं, वरून जाणारे शिकारी पक्षी मोजावेत. एकही दिसला नाही तर शून्य लिहावं. ते आकडे त्याच संध्याकाळी सगळ्यांना बघता यावेत. आणि हे काम कुणाच्या हौसेवर न सोडता जिल्हा नियोजन समितीनं त्यासाठी दरवर्षी नेमानं तरतूद करावी. पर्जन्यमापकाला आपण हौस म्हणत नाही. ही गणनाही त्याच रांगेतली आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं चाळकेवाडीच्या पठाराच्या कडेला बसलो होतो. फुलांचा हंगाम संपलेला, गवत तांबूस पडलेलं, कातळ अजून गार. नऊ वाजेपर्यंत आभाळात काहीच नव्हतं. शिकारी पक्षी सकाळी लवकर निघत नाहीत. ऊन चढून कातळ तापतो, तापलेली हवा वर उठते, आणि त्या हवेच्या खांबावर पंख न हलवता चकरा मारत ते उंची गाठतात. पुरेसं वर गेले की पंख थोडे आवळून दक्षिणेकडे घसरत जातात, पुढचा खांब सापडला की पुन्हा चकरा. पक्षीनिरीक्षक याला थर्मल म्हणतात. मोजताना चकरा मारणाऱ्या थव्याकडे बघून गणती करायची नसते, कारण एकच पक्षी तीनदा मोजला जातो. ते रांगेनं घसरत निघाले, की त्या रांगेतून एकेक मोजायचा.

दहाच्या सुमाराला पहिल्या घारी उठल्या. त्यातल्या इथल्याच किती आणि जाणाऱ्या किती हे ठरवायला आम्हाला बराच वेळ लागला. ज्या परत फिरून खाली उतरल्या त्या सोडून द्यायच्या, ज्या सरळ दक्षिणेला दिसेनाशा झाल्या त्याच धरायच्या. मग एक खरूची वाऱ्याला तोंड करून एका जागी फडफडत राहिली. डोकं जराही हलत नव्हतं, फक्त पंख आणि शेपटी हलत होती. तिला अर्थातच मोजलं नाही, ती शिकारीला थांबली होती. साडेअकराला एक हॅरियर आला. तपकिरी रंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. मादी असेल किंवा त्या वर्षीचं पिल्लू असेल. माँटेग्यूचा की पॅलिड, हे तेवढ्या अंतरावरून सांगणं अवघड. आमच्यातल्या सगळ्यात अनुभवी माणसानं दुर्बीण खाली ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘हॅरियर, जात नक्की नाही – १’. तो रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो. जे ओळखू आलं नाही ते ओळखू आलं नाही असं लिहिणारी वहीच पुढं वीस वर्षांनी कामाला येते.

तेवढ्यात एक म्हातारे गुराखी जवळ येऊन बसले. म्हणाले, “वारं मोजताय व्हय? मागं पण आलती माणसं.”

“नाही आबा, पाखरं मोजतोय. घारी, गरुड.”

“घारी? पूर्वी लय असायच्या. गिधाडं बी लय.”

“लय म्हणजे किती, आबा?”

त्यांनी बराच वेळ समोरच्या डोंगराकडे बघितलं आणि म्हणाले, “लय म्हंजी लय. आता किती ते कुणी मोजलंय?”

त्यांच्या पहिल्याच प्रश्नात सगळं आलं होतं. पवनचक्की उभारायची तर आधी उंच मास्ट रोवून, वेगमापक बसवून, वर्षभर तरी वारा मोजतात. कुठल्या महिन्यात किती, रात्री किती, कुठल्या दिशेनं किती. त्या नोंदींशिवाय कुणी कर्जही देत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर, सडावाघापूर या साऱ्या टापूत पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पुढं सांगलीकडे ढालगाव, जत, गुढे पाचगणीच्या बाजूलाही त्या आल्या. वाऱ्याचा हिशेब चोख झाला. त्याच वाऱ्यावर जगणाऱ्यांचा हिशेब झाला नाही. कायद्यानंही तो मागितला नाही, कारण २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून पवनऊर्जा प्रकल्प बाहेर आहेत. एका कार्यालयात मी अशाच एका टापूची प्रकल्पाआधीची पक्ष्यांची नोंद मागितली होती. मला एक कागद दाखवण्यात आला. त्यावर एकच ओळ होती : सदर क्षेत्र पडीक असून वन्यजीवांच्या दृष्टीने महत्त्वाचे नाही. कोण गेलं होतं, कुठल्या महिन्यात, किती तास थांबलं होतं, यातलं काहीच त्यावर नव्हतं. मला त्या दिवशी राग आला तो त्या ओळीतल्या आत्मविश्वासाचा. न बघता लिहिलेलं ‘नाही’ आणि तासन्‌तास बघून लिहिलेलं शून्य, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच चाळकेवाडीच्या पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर वाचला गेला. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले हे त्याचे लेखक. पठाराच्या ज्या भागात पवनचक्क्या आहेत आणि ज्या भागात नाहीत, त्यांची त्यांनी तुलना केली. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. गोष्ट तिथंच थांबत नाही. शिकारी पक्षी कमी झाले तिथं सरडे वाढले. हा साधा सरडा नव्हे. गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारा हा सरडा २०१६ मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि त्याच्या प्रजातीला शास्त्रीय नावच मिळालं ते ‘सरडा’, आपल्या मराठीतलं. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं, माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. पण गर्दी वाढल्यानं खायला कमी पडून त्यांची अंगलट खालावली होती, गळ्याचे रंगही फिके पडले होते. वरचं एक माणूस उठून गेलं की घराची घडी कशी बदलते, तसंच हे.

मला या अभ्यासाचा अभिमान वाटतो. पण त्याच्या पद्धतीकडे बघितलं की हळहळ वाटते. संशोधकांना तुलना करावी लागली ती इथल्या जागेची तिथल्या जागेशी. पूर्वीच्या काळाची आजच्या काळाशी तुलना करायची तर पूर्वीचा आकडा हवा. १९९० च्या सुमाराला कुणी दोन-तीन शरद ऋतू तिथं बसून मोजलं असतं, तर आज आपण नेमकं सांगू शकलो असतो की काय होतं, काय गेलं, आणि त्यातलं किती पवनचक्क्यांमुळे, किती दुसऱ्या कशामुळे. मी पवनचक्क्यांच्या विरोधात नाही. कोळसा जाळून होणारं नुकसान मला ठाऊक आहे. पण कुठली चक्की कुठं असावी, कुठल्या महिन्यात भर दुपारचे चार तास ती थांबवली तर किती पक्षी वाचतील, हे ठरवायला आकडा लागतो. आकडा नसला की उरतात दोन तट. एक म्हणतो सगळं काढून टाका, दुसरा म्हणतो काहीच झालेलं नाही. दोघांच्याही हातात पुरावा नसतो.

गिधाडांच्या बाबतीत तर आपण हे सगळं भोगून बसलो आहोत. गावोगाव पन्नाशीच्या पुढचा कुणीही माणूस सांगेल की मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. सगळ्यांना आठवतं. कधी थांबली ते कुणालाच आठवत नाही. ती गेली हे देशाला कळलं, कारण राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी ती १९८० च्या दशकात मोजून ठेवली होती आणि नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली. आकडा कोसळलेला दिसला. मग १९९१ ते १९९३ मध्ये देशभर रस्त्यांच्या कडेनं केलेली जुनी गणना २००० मध्ये त्याच रस्त्यांवर पुन्हा केली गेली आणि ही फक्त भरतपूरची गोष्ट नाही हे सिद्ध झालं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. कारण सापडलं २००४ मध्ये : जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं डायक्लोफिनॅक. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जुन्या वह्या नसत्या तर रोग आहे की विष आहे हा शोधच सुरू झाला नसता. सगळे म्हणाले असते, हल्ली दिसत नाहीत बुवा. आबा म्हणाले तसं, लय होती.

मोजण्याची ताकद काय असते याचं एक जुनं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातलं आहे. तिथल्या एका डोंगरावर शरदात स्थलांतर करणारे ससाणे आणि गरुड लोक बंदुकीनं टिपायचे, निव्वळ मौजेसाठी. रोझली एज नावाच्या बाईंनी १९३४ मध्ये तो डोंगरच भाड्यानं घेतला आणि मॉरिस ब्राउन या तरुणाला तिथं राखणीला ठेवलं. त्यानं बंदुका थांबवल्या आणि मोजायला सुरुवात केली. पुढं तिथल्या वह्यांतून दिसलं की १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या टकल्या गरुडांत ४० टक्के त्याच वर्षीची पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली, आणि १९५७ साली तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू. मोठे गरुड उडत होते, म्हणून नुसत्या डोळ्यांना सगळं ठीक वाटत होतं. पिल्लं निघत नव्हती. अमेरिकी लेखिका राचेल कार्सन यांनी १९६२ मध्ये डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध जो खटला जगापुढं मांडला, त्यात ही वही साक्षीदार होती. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. ब्राउन पहिल्या दिवशी डोंगरावर बसला तेव्हा डीडीटी कीटकनाशक म्हणून माहीतच नव्हतं. म्हणजे तो ज्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवत होता, तो प्रश्न अजून जन्मालाही आला नव्हता. गणना आधी हवी ती याच कारणानं. प्रश्न पुढ्यात आल्यावर मोजायला गेलं, तर तुलना कशाशी करणार?

इथं माझे काही जाणकार मित्र हरकत घेतात, आणि ती हरकत खरी आहे. ते म्हणतात, मोजणी तिथं करायची असते जिथं वाट अरुंद होते. मेक्सिकोत वेराक्रूझला समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून एका शरदात चाळीस लाखांच्या वर शिकारी पक्षी जातात. जॉर्जियात बटुमीला काळा समुद्र आणि कॉकेशस यांच्या बेचक्यात २००८ पासून गणना चालते आणि दहा लाखांच्या वर पक्षी मोजले जातात. नेपाळात हिमालयाच्या उतारानं पश्चिमेकडे जाणारे स्टेप गरुड मोजतात. सह्याद्रीवर असं काही नाही. आपल्याकडे पक्षी रुंद आघाडीनं येतात, पसरतात, पुष्कळसे इथंच हिवाळाभर राहतात. दिवसभर बसून हातात पाच-पन्नास येतील. त्यातून काय कळणार?

मला याचं उत्तर पर्जन्यमापकातच दिसतं. जिल्ह्यात पडलेला सगळा पाऊस कुणीच गोळा करत नाही. एका वितभर रुंद भांड्यात पडला तेवढाच मोजतात. तरी त्या भांड्याच्या जिवावर आपण धरणाचे दरवाजे कधी उघडायचे ते ठरवतो, कारण भांडं तेच असतं, जागा तीच असते, वेळ तीच असते. भांडं इकडून तिकडं हलवलं, एखाद्या दिवशी कंटाळा केला, जोराचा पाऊस पडला तरच लिहिलं, तर त्या वहीला काही अर्थ उरणार नाही. पक्ष्यांचंही तेच. सगळे मोजायचेच नाहीत. दरवर्षी त्याच कातळावरून, तितकेच तास, त्याच रीतीनं बघायचं. किती तास बघितलं, वारा कुठून होता, ढग किती होते, धुकं होतं का, हे दर तासाला लिहायचं. निळ्याशार आभाळात उंचावरचा गरुड डोळ्यांना सापडत नाही, पांढरा ढग मागे आला की एकदम दिसतो. म्हणून ढगांची नोंद पक्ष्यांइतकीच लागते. ताशी सरासरी काढली की एक रेघ मिळते. दहा वर्षांनी ती रेघ खाली झुकतेय की नाही, एवढंच तिनं सांगावं. आणि जे पाच-पन्नास आपल्या हाती येतील ते परके थोडेच आहेत? माथ्यावरून गेलेला हॅरियर आठवड्याभरात कदाचित जतच्या माळावर नाकतोडे खात असेल, शाळूच्या रानात उंदीर धरत असेल.

साताऱ्यात पक्ष्यांचे फोटो काढणारे आता पुष्कळ आहेत आणि त्यांची मेहनत मी जवळून बघतो. पण फोटोच्या ओढीनं आपली नजर दुर्मिळाकडे वळते. बहिरी ससाणा दिसला की संध्याकाळपर्यंत वीस गाड्या तिथं पोचतात. घार कुणी टिपत नाही, आणि कुणी घार मोजतही नाही. गिधाडही एके काळी असंच नेहमीचं होतं, त्याच्यासाठी कुणी कॅमेऱ्याचा रोल खर्च केला नसता. फोटो सांगतो, होता. किती होते हे फक्त गणती सांगते. २०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, त्यासाठी सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या. ९४२ जातींचा विचार झाला. पण गेल्या तीस वर्षांत काय बदल झाला हे सांगता आलं ते फक्त ३३८ जातींबद्दल, आणि त्यातल्या २०४ कमी झालेल्या निघाल्या. बाकीच्या सहाशेंचं काय, हे सांगायला जुन्या नोंदी अपुऱ्या पडल्या.

डोंगरमाथ्याची गणना ही या कामाची पश्चिमेकडची बाजू झाली. पूर्वेला, माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या पट्ट्यात दुसरी एक मोजणी करता येण्यासारखी आहे, आणि ती कुणालाही शिकता येते. हॅरियर झाडावर झोपत नाहीत. दिवसभर विखुरलेले असतात, आणि सूर्य कलला की चहूबाजूंनी एखाद्या माळावर गोळा होतात आणि उंच गवतात जमिनीवरच झोपतात. गुजरातेत वेळावदरच्या गवतावर अशी हॅरियरची जगातली एक मोठी रात्रवस्ती आहे. आपल्याकडच्या वस्त्या लहान. पण संध्याकाळी सूर्य मावळायच्या एक तास आधी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला शांत बसावं, आणि येणारा एकेक मोजावा. मी एका हिवाळ्यात अशा माळावर बसलो होतो. पहिला राखाडी नर जमिनीपासून हातभर उंचीवरून आला, एवढा जवळून की पंखांचा आवाज ऐकू आला. तो गवतावर दोनदा घिरट्या घालून एका ठिकाणी खाली बसला आणि नाहीसा झाला. अंधार पडेपर्यंत असेच एकामागून एक येत राहिले. त्या माळाच्या सातबारावर ‘गायरान’ लिहिलंय आणि बोलण्यात सगळे त्याला ‘पडीक’ म्हणतात. पुढच्या वर्षी तिथं वणवा लागला होता. आता अशा गायरानांकडे वृक्षलागवड, सौर पंप योजनांचे प्रकल्प, एमआयडीसी अशा सगळ्यांचीच नजर आहे. सौरऊर्जा शेतकऱ्याला दिवसा वीज देणार असेल तर ती हवीच आहे. पण दोन गायरानांपैकी कुठलं द्यायचं हे ठरवताना, एकावर चाळीस हॅरियर झोपतात आणि दुसऱ्यावर एकही नाही, असं कागदावर असेल तर निवड सोपी होते. कागदावर दोन्ही पडीक असली की ज्याला रस्ता जवळ तेच जातं. या रात्रवस्तीच्या जागा मात्र जाहीर करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आकडा सगळ्यांना द्यावा, ठिकाण वन खात्याकडे आणि ग्रामपंचायतीकडे राहावं. झोपलेल्या पक्ष्यांवर बॅटऱ्या मारत फिरणारी गर्दी आपण दुसरीकडे बघितली आहे.

भारतानं मार्च २०१६ मध्ये स्थलांतरित शिकारी पक्ष्यांच्या रक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय सामंजस्य करारावर सही केली आहे. २०२० च्या फेब्रुवारीत गांधीनगरला स्थलांतरित प्रजातींची जागतिक परिषदही भरवली. पक्ष्यांवर लक्ष ठेवणं, त्यांच्या संख्येचा माग काढणं, हे त्या करारात आलंच. दिल्लीत केलेली सही पाळायची जागा शेवटी एखादा कातळ, एखादा माळ हीच असते. नागालँडनं हे करून दाखवलं आहे. २०१२ मध्ये दोयांग जलाशयाच्या काठी अमूर ससाण्यांची जाळी लावून कत्तल चालली होती. तिथं गेलेल्या माणसांनी जाळी मोजली, पक्षी मोजले, आणि एका हंगामात एक लाख वीस ते चाळीस हजार पक्षी मारले जात असल्याचा अंदाज जगापुढं ठेवला. तो आकडा आला म्हणून देश हलला. दुसऱ्याच वर्षी पांगती आणि आसपासच्या गावांनी शिकार बंद केली. सायबेरिया आणि चीनकडून निघालेला हा मूठभर पक्षी नागालँडमध्ये थांबतो, मग भारतीय द्वीपकल्प ओलांडून आपल्या महाराष्ट्रावरून, अरबी समुद्रावरून न थांबता सोमालियाकडे आणि पुढं दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. नागा गावकऱ्यांनी त्याला जपून पुढं पाठवला. आपल्या डोक्यावरून तो गेला याची निदान नोंद तरी आपण करायला हवी.

माणसं आहेत. आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. बरोबर स्थलांतराच्या ऐन भरात. त्या आठवड्यात शाळांत भाषणं होतात, चित्रकला स्पर्धा होतात. त्याच मुलांना वर्गवारीनं एकेक दिवस माथ्यावर न्यावं. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री अभयारण्यातल्या मचाणावर बसून पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजायला लोक नावं नोंदवून, रांगा लावून जातात. एका रात्रीच्या त्या मोजणीला शास्त्रीय वजन फार नाही, पण लोकांची ओढ केवढी आहे ते त्यातून कळतं. साताऱ्यात, कराडला, सांगलीला, विट्याला प्राणिशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी विषय लागतो. त्याला दहा दिवस मोजायला बसवावं, गुण द्यावेत. पण कणा म्हणून दोन माणसं मानधनावर हवीत, ती हंगामभर बदलू नयेत. विद्यार्थ्यांची परीक्षा येते, दिवाळी येते, हौशी माणसाला लग्नाला जावं लागतं, आणि वहीत भगदाड पडतं. लागणार काय? दोन चांगल्या दुर्बिणी, एक टेलिस्कोप, हातातली गणकयंत्रं, सावलीला ताडपत्री, आणि त्या दोघांचा अडीच महिन्यांचा पगार. कासला फुलांच्या हंगामात येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेतलं जातं. त्यातला थोडा भाग इकडे वळवता येईल. युनेस्कोनं २०१२ मध्ये कास, कोयना आणि चांदोली यांना पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात घेतलं ते फक्त खाली उमलणाऱ्या फुलांसाठी नाही. कासच्या पठारावर हजारो माणसं येतात आणि खाली बघून जातात. त्याच वेळी वर आभाळात एखादा सापमार गरुड वाऱ्यावर थांबलेला असतो.

शासनाची तरतूद होईल तेव्हा होवो. आम्ही यंदापासून सुरू करतोय. चाळकेवाडीच्या बाजूचा तो कातळ ठरवला आहे, वेळ सकाळी नऊ ते दुपारी तीन. वही आखून झाली : तास, वारा, ढग, जात, संख्या, आणि शेवटी ‘ओळख पटली नाही’. आबांना सांगून ठेवलंय, आमच्यापैकी कुणी नसेल त्या दिवशी निदान कातळावर कुणी माणूस आलं होतं का ते त्यांनी सांगावं. आमच्यातले दोघं निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी चार-चार दिवस घेतले आहेत. शनिवार-रविवारला एक परिचारिका आणि एक बँकेतले गृहस्थ येणार आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार भरले. मंगळवार आणि गुरुवारी त्या शिक्षकांना सोबत हवी आहे, एकट्या माणसाला मोजणं आणि लिहिणं दोन्ही जमत नाही. दुर्बीण नसली तरी चालेल. पेन्सिल लागेल, कारण डोंगरावर धुकं आलं की शाई पसरते.